चिरांचा दीड तास

केस-प्रत्यारोपणाची चौकशी करायला आलेला माणूस खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच विचारतो, "मॅडम, किती ग्राफ्ट बसतील?" आकड्यांची ही भाषा त्याला जाहिरातींनी शिकवलेली असते, तीन हजार, चार हजार, आणि परदेशी सहलीला जोडून मिळणाऱ्या पॅकेजांत तर थेट "अमर्याद". ते ग्राफ्ट, म्हणजे डोक्याच्या मागून मुळासकट काढून पुढे लावायचे केसांचे गट, ज्या चिरांमध्ये बसायचे त्या चिरा कोण पाडणार, कोणत्या कोनात पाडणार, आणि त्याआधी डोक्याची ती जागा कशी तयार करणार, हे मात्र नाशिकमधल्या माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच लोकांनी विचारले आहे. त्यांतला एक इगतपुरी तालुक्यातला भातशेतकरी होता. सगळी प्रक्रिया शांतपणे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "म्हणजे आवणी तुमच्या पोरी करणार, पण चिखल तुम्ही स्वतः करणार, असंच ना?"

मी हो म्हणाले. आवणी म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, आणि चिखल तिच्याआधी खाचरात करायचा असतो. त्याची उपमा एका बाबतीत इतकी चपखल आहे की पुढे मी ती इतरांनाही ऐकवू लागले, आणि दुसऱ्या बाबतीत ती नेमकी उलटी आहे. भाताचे रोप सरळ उभे राहते, आणि दोरी धरून रांगेत लावलेले खाचर बांधावरून पाहायला छान दिसते. डोक्यावर रांग दिसली की काम फसले, आणि केस सरळ उभा राहिला तर त्याहून अधिक फसले.

या शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास पाहिला तरी हेच लक्षात येते. जपानमधले डॉ. शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये केसांसकट त्वचेचे छोटे गोल तुकडे काढून ते केस नसलेल्या जागी लावल्याचे लिहून ठेवले होते, परंतु युद्धाच्या धामधुमीत ते जपानबाहेर फारसे कोणाच्या वाचनात आले नाही. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेनट्राइक यांनी १९५९ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा केस पुढे आणून लावला तरी तो आपला मूळ गुण सोडत नाही, म्हणजे गळत नाही, हे वैद्यकविश्वाने मान्य केले. केस जगतो हा प्रश्न अशा रीतीने साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच सुटला होता. तरीही त्यानंतरची दोन-तीन दशके प्रत्यारोपण केलेला माणूस लांबूनही ओळखू येई. कारण ४ मिलिमीटर व्यासाचा, डझनभर किंवा त्याहून जास्त केसांचा एक गोल तुकडा बसवण्यासाठी पुढच्या टकलावरून त्याहून थोड्या लहान व्यासाची गोल चकती कापून काढून टाकावी लागे. बरे झाल्यावर बाहुलीच्या डोक्यावर दिसतात तसे केसांचे झुपके आणि मध्ये मोकळी कातडी असा देखावा उरे. सान अँटोनिओ येथील डॉ. बॉबी लिमर यांनी १९८८ पासून सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफ्ट वेगळे करायला सुरुवात केली. निसर्गतः एक, दोन, तीन किंवा क्वचित चार केस ज्या गटाने उगवतात तो गट, म्हणजे फॉलिक्युलर युनिट, हाच ग्राफ्ट झाला आणि त्याला चकतीएवढ्या भोकाची गरज उरली नाही. आज लावणीच्या जागी, ज्याला आम्ही रेसिपियंट एरिया म्हणतो, त्वचेचा कणभरही तुकडा काढला जात नाही. ०.७ ते १.२ मिलिमीटर रुंदीची चीर दिली जाते, आणि ती आपल्याच लवचिकपणाने ग्राफ्टला धरून ठेवते.

आमच्याकडे कामाची सुरुवात टेबलावर होत नाही, आरशासमोरच्या स्टुलावर होते. पुढची रेषा आखताना माणूस ताठ बसलेला हवा, कारण आडवे झाल्यावर कपाळाची कातडी सरकते आणि झोपलेल्या डोक्यावर जी रेषा शोभून दिसते ती उठून बसल्यावर वेगळीच दिसते. मी त्याला भुवया वर चढवायला सांगते. कपाळावर ज्या आठ्या पडतात त्यांतल्या सर्वांत वरच्या आठीच्या खाली रेषा आणायची नाही, हा माझा न मोडण्याचा नियम आहे. दोन भुवयांच्या मधल्या बिंदूपासून टेपने मोजले तर पुरुषांमध्ये रेषेचा मध्य बहुधा ७.५ ते ९ सेंटिमीटरवर येतो, आणि कानशिलांच्या वरचे दोन कोपरे डोळ्यांच्या बाहेरच्या टोकांवरून वर काढलेल्या उभ्या रेषेच्या आसपास ठेवले म्हणजे चेहऱ्याला बरे दिसतात. पंचविशीतल्या मुलांशी माझा वाद होतो तो याच ठिकाणी. मोबाइलमधला कॉलेजच्या गॅदरिंगचा फोटो पुढे करून "अशीच रेषा हवी" म्हणणाऱ्याला हे समजावणे फार जड जाते, की अठराव्या वर्षीची रेषा पन्नाशीतल्या चेहऱ्यावर टोपासारखी दिसते, आणि ते दोन कोपरे भरण्यात जे केस खर्ची पडतील ते पुढे माथा उघडा पडला की हवेहवेसे वाटतील. मागच्या बाजूचा साठा काही नव्याने उगवत नाही.

रेषा म्हणजे तरी रेषा नसतेच. माझ्या मार्करने उमटते ती फक्त हद्द. त्या हद्दीवर थोडे आत, थोडे बाहेर, एखादा चुकार केस पुढे, अशी अर्ध्या ते एक सेंटिमीटरची विरळ पट्टी असते आणि तिथे एका केसाचेच ग्राफ्ट लावायचे असतात. दोन केसांचे ग्राफ्ट तिच्या मागे, आणि तीन केसांचे त्याहून मागे, मध्यभागी, जिथे दाटपणाचा भास निर्माण करायचा असतो.

त्याच बैठकीत मी डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, त्वचा तपासते. केसाच्या मुळाभोवती पांढरी पापुद्र्यासारखी खवली, लालसर कडे आणि केसांची छिद्रेच बुजून गुळगुळीत झालेली कातडी असे दिसले, तर तो नेहमीचा अनुवंशिक टकलेपणा नसून व्रण सोडणारा आजार असण्याची शक्यता असते. तिथे चिरा पाडणे म्हणजे पेटत्या रानात रोपे नेऊन लावणे. अशा वेळी मी बायोप्सी करायला सांगते आणि शस्त्रक्रियेची तारीख देत नाही.

बधिरीकरणाचा भाग मी थोडक्यात सांगते, पण त्यातले गणित सांगितल्यावाचून राहवत नाही. रक्तवाहिन्या आकसवणारे ॲड्रेनॅलिन मिसळलेले लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत देता येते. ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, म्हणजे दोन टक्क्यांच्या द्रावणाचे सुमारे साडेचोवीस मिलिलिटर, आणि एवढ्यातच मागची आणि पुढची दोन्ही शेते भागवायची असतात. म्हणून भुवईच्या कडेतून वर येणाऱ्या नसा आधी बधिर करायच्या, मग आखलेल्या रेषेच्या खाली कपाळावर इंजेक्शनांची एक माळ घालायची, आणि पहिले चार-पाच टोचे सोडले तर बाकीचे त्याला कळू द्यायचे नाहीत. त्यानंतर सलाइनमध्ये अगदी थोडे ॲड्रेनॅलिन घालून ते त्वचेखाली भरले की टक्कल भिजवलेल्या हरभऱ्यासारखे टंच होते. या फुगवट्याने दोन गोष्टी साधतात. खालच्या रक्तवाहिन्या पात्याच्या टोकापासून दूर राहतात, आणि ताणलेल्या कातडीत चीर स्वच्छ पडते. यानंतर दहा-पंधरा मिनिटे नुसते थांबायचे असते. ॲड्रेनॅलिनला काम करू दिले नाही तर पुढचा दीड तास रक्त पुसण्यात जातो. हेच पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरते आणि माणूस घाबरून फोन करतो. त्याला आधी सांगून ठेवले तरी करतोच.

मग येतात चाचणीच्या चिरा. त्या शेतकऱ्याच्या वेळी मी प्रथम मागच्या बाजूने दहा-बारा ग्राफ्ट काढून घेतले आणि मोजपट्टीवर ठेवून पाहिले. एका केसाचे ग्राफ्ट साडेचार मिलिमीटरच्या आसपास होते, तीन केसांचे पाचच्या थोडे पुढे. त्याप्रमाणे पाते पकडणाऱ्या दांड्यात पात्याची लांबी बेतून घेतली, पुढे आठ चिरा पाडल्या आणि त्यांत ते ग्राफ्ट बसवून बघितले. ग्राफ्ट चिमट्याच्या हलक्या दाबाने आत सरकला पाहिजे, शेजारची चीर दाबली तर उसळून वर येता कामा नये, आणि त्याचे डोके त्वचेच्या पातळीपेक्षा किंचित, अगदी किंचित, वर राहिले पाहिजे. चीर फार खोल असेल तर तो बुडतो आणि पुढे तिथे खळगा पडतो किंवा गाठ होते. उथळ असेल तर तो वरच सुकतो, आणि जगलाच तर बोटाला फोडींसारखा खडबडीतपणा लागतो. त्याच्या डोक्यावर ०.८ मिलिमीटरचे पाते दुहेरी ग्राफ्टला घट्ट झाले, म्हणून मी ते ०.९ चे केले. एका दशांश मिलिमीटरचा हा फरक पुढच्या हजार-दीड हजार ग्राफ्टचे नशीब ठरवत होता.

खोलीइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्वाचा असतो कोन. कपाळावरचा केस त्वचेतून साधारण १५ ते २० अंशांच्या कोनात पुढे झेपावतो, मागे जावे तसा तो ३०-४५ अंशांपर्यंत उठतो, आणि कानशिलांवरचा तर त्वचेला जवळजवळ चिकटूनच खाली उतरतो. ३० अंशांत ५ मिलिमीटर पाते आत गेले तरी सरळ खाली मोजल्यास त्याचे टोक अडीच मिलिमीटरवरच थांबते. म्हणजे तिरपी चीर दिसायला स्वाभाविक असते आणि रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने सुरक्षितही. "मी केस मागे फिरवतो, तर मागेच वळलेले लावा," असे सांगणारे खूप भेटतात. त्यांना मी त्यांच्याच मागच्या पिढीच्या डोक्याकडे बघायला सांगते. केस मागे फिरवणाऱ्याचाही पुढचा केस उगवतो पुढेच, वळवतो तो कंगवा.

दिशा मात्र मला ठरवावी लागत नाही, ती शोधावी लागते. पूर्ण तुळतुळीत दिसणाऱ्या टकलावरही लूप्स, म्हणजे भिंगांचा चष्मा, लावून पाहिले की बाळाच्या जावळासारखी लव दिसते. आकसत गेलेले ते जुने केसच असतात, आणि आकाराने संपत आले तरी त्यांनी दिशा सोडलेली नसते. मी कापसाने कपाळ ओले करते, त्यामुळे ही लव कातडीला चिकटून आपापला कल दाखवते, आणि त्या कलाला समांतर पाते धरते. उजवीकडची लव मध्यापासून हळूहळू उजवीकडे झुकत जाते, डावीकडची डावीकडे, आणि शेंडीजवळ सगळे भोवऱ्यात शिरते. दोन भोवरे असलेल्याची दोन लग्ने होतात असे आमच्याकडे म्हणतात. लग्नांचे मला माहीत नाही, पण दोन भोवरे असलेल्या माथ्यावर चिरा पाडायला दुप्पट वेळ लागतो एवढे खरे.

हे मी शहाणपणाने लिहीत असले तरी शिकले आहे चुकून. सुरुवातीच्या वर्षांत मी एका जागी, रुग्णाच्या उजव्या खांद्याशी, स्टूल ठेवून सगळ्या चिरा पाडत असे. मी उजव्या हाताची; उजव्या बाजूच्या चिरा हव्या तशा तिरप्या पडत, आणि डावीकडे पोहोचण्यासाठी मनगट वळवावे लागल्याने पाते नकळत उभे होई. टेबलावर यातले काहीच दिसत नाही, कारण चीर म्हणजे शेवटी एक लाल रेघ. नऊ महिन्यांनी तो रुग्ण आला तेव्हा केस उत्तम उगवले होते, मी खूश होते, आणि तो संकोचून म्हणाला, "मॅडम, आमचा न्हावी म्हणतो, या बाजूचे केस कंगव्याला ऐकत नाहीत." मी हात फिरवून पाहिला. उजवीकडचे केस हाताखाली लवत होते, डावीकडचे काथ्याच्या ब्रशसारखे तळव्याला टोचत होते. ग्राफ्ट मोजून लावलेले, सगळे जगलेले, आणि तरीही डोके दोन माणसांचे. पुढे वर्षभराने डावीकडच्या त्या केसांच्या पुढे एका केसाच्या ग्राफ्टची तिरपी झालर लावून ती चूक मी झाकली, पुसता काही आली नाही. तेव्हापासून माझे स्टूल चाकांचे आहे आणि दर दोनशे चिरांनंतर मी डोक्याभोवती जागा बदलते.

चीर केसाच्या दिशेला समांतर, म्हणजे उभी द्यावी की तिला काटकोनात आडवी, यावर आमच्या परिषदांत अजून रंगून वाद होतात. आडव्या चिरेत दोन-तीन केसांचा ग्राफ्ट बोटांसारखा पसरून बसतो आणि एकावर एक ठेवलेल्या मंगलोरी कौलांप्रमाणे खालची कातडी झाकतो, म्हणून रिकाम्या टकलावर मला तीच आवडते. जिथे आधीचे केस शिल्लक आहेत, विशेषतः बायकांच्या भांगाच्या रुंदावलेल्या भागात, तिथे उभी चीर दोन केसांच्या मधून सुखरूप निसटते, आणि आडवी चीर शेजाऱ्याचे मूळ कापू शकते. जाहिरातींतल्या "सॅफायर" पद्धतीचे गूढही येथेच उकलते. पोलादाऐवजी नीलमण्याच्या स्फटिकाचे पाते, एवढाच त्याचा अर्थ आहे. ग्राफ्ट काढण्याशी त्याचा काही संबंध नाही. पेनसारख्या इम्प्लांटरने चीर आणि लावणी एकाच झटक्यात करण्याला "डायरेक्ट" म्हणतात. त्याचे मूळ १९९० च्या दशकात दक्षिण कोरियात तयार झालेल्या चोई इम्प्लांटरमध्ये आहे. दोन्ही साधने चांगली आहेत. परंतु कोन हाताचा असतो, पात्याचा नव्हे.

आता दाटपणा. निरोगी माथ्यावर दर चौरस सेंटिमीटरला ७० ते १०० च्या दरम्यान फॉलिक्युलर युनिट असतात. निम्मे केस गेले तरी समोरच्याला ते सहसा जाणवत नाही, आणि याच सवलतीवर आमचा सगळा धंदा उभा आहे. ३० ते ४० ची दाटी साधली की डोके भरलेले दिसते. कपाळापासूनचा पुढचा भाग ५५ चौरस सेंटिमीटर धरला आणि ३५ ने गुणले, तर होतात एक हजार नऊशे पंचवीस. मागची चीर पुढच्या दोन चिरांच्या फटीसमोर आली पाहिजे, नाहीतर वाऱ्याबरोबर फट उघडी पडते. हौसेने दाटी वाढवता येते, पण प्रत्येक चीर रक्तपुरवठ्याला थोडी थोडी तोडत असते, आणि मधल्या भागाला तो मुळातच चहूबाजूंनी दुरून येतो. सिगारेट ओढणारा, साखर आटोक्यात नसलेला, उन्हाने कातडी पातळ झालेला किंवा जुना व्रण असलेला माणूस असेल तर मी २०-२५ च्या पुढे जात नाही. काम करताना मधली कातडी निळसर-करडी पडू लागली, तर ठरलेला आकडा बाजूला ठेवून त्या भागातले पाते उचलायचे, कारण त्यापुढे केसच नव्हे तर त्वचाही मरू शकते.

आणखी एक कसोटी आमच्या गावाने मला शिकवली. त्र्यंबकेश्वरला विधी करायचा असेल किंवा घरात कोणी गेले तर क्षौर करावे लागते, म्हणून "नंतर मुंडण चालेल का?" हा प्रश्न येथे हमखास येतो. वर्षभरानंतर खुशाल चालते. मात्र चिरा ग्राफ्टच्या मापाच्या असतील तरच तुळतुळीत डोक्यावर काही दिसत नाही. बेफिकीरपणे मोठ्या पाडल्या असतील तर केसांनी झाकलेले सगळे खळगे वस्तऱ्याखालून बाहेर येतात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये केस-प्रत्यारोपणाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून हे शिकता येत नाही असे स्पष्ट सांगितले. मदतनिसांनी ग्राफ्ट बसवावेत याला माझी मुळीच हरकत नाही. माझ्या सिस्टरांची बोटे माझ्यापेक्षा हलकी आहेत. चीर मात्र शस्त्रक्रिया आहे. ती पाडताना डॉक्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्याशी दराची बोलणी करत असेल, तर रुग्णाने टेबलावरून उठून जावे असे माझे मत आहे.

ग्राफ्ट शरीराबाहेर जितका कमी वेळ राहील तितका बरा, म्हणून मी चाचणीपुरते सोडून आधी चिरा पाडते आणि मग मागचे ग्राफ्ट काढते. शेतकऱ्याला हे लगेच पटले. "बरोबर आहे, चिखल झाल्याबिगर रोप उपटत नाहीत, माना टाकतं," तो डोळे मिटूनच म्हणाला. प्रत्येक चिरेगणिक सिस्टर बोटातल्या काउंटरचे बटण दाबत होती. हे काउंटर आम्ही पंचवटीतल्या एका दुकानातून आणतो. तिथे ते नामजपासाठी विकतात. दीड तासाने मी शेवटची चीर डाव्या कोपऱ्यात दिली, ओला गॉज डोक्यावर दाबून धरला आणि रक्त थांबल्यावर उचलून पाहिले. डोक्यावर लालसर ठिपक्यांचे, लवेच्याच कलाने वळत गेलेले एक शेत दिसत होते.

"मग किती ग्राफ्ट बसतील, मॅडम?" त्याने विचारले. सिस्टरने काउंटर त्याच्या डोळ्यांसमोर धरला. १,८७६. मग आम्ही त्याला पालथे झोपायला सांगितले.